ऑफिसमधून थेट मैदानात

मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडखाली एक लांबट खोली आहे. पूर्वी तिथे गोलाच्या जाळ्या, चुन्याची पोती आणि कोपऱ्यात रोवायचे झेंडे पडलेले असायचे. आता तिथे क्लबच्या सुरुवातीच्या दिवसांचं प्रदर्शन मांडताहेत, आणि दारातून आत पाऊल टाकलं की समोरच्याच भिंतीवर मी आहे. नऊ वर्षांची. दोन घट्ट वेण्या, दातांत फट, हातात संघाचा निळा झेंडा. शेजारी बाबा. सूट घातलेला, टाय सैल केलेला. फोटो गावातल्या पेपरात छापून आला होता, म्हणून खाली त्याची मूळची जपानी ओळही तशीच आहे: ‘भारतातून आलेले हे इंजिनियर बुधवारी संध्याकाळी ऑफिसमधून थेट मैदानात येतात. एकही सामना चुकवत नाहीत.’

ह्या ओळीवर आमच्या घरात तीस वर्षं राग आहे. त्यातला बराचसा आईचा, उरलेला मी वारशाने घेतलेला.

क्लबकडून ईमेल आली तेव्हा मी कावासाकी शहरातल्या माझ्या ऑफिसात होते; मोठी झाल्यावर नोकरीसाठी मी पुन्हा जपानात आले होते. फोटो लावायला तुमची परवानगी हवी, प्रदर्शन पुढच्या शनिवारी उघडेल, त्याआधी येऊन पाहाल का, अशी फार नम्र भाषा होती. इतकी नम्र भाषा वाचली की मी सावध होते. मुळातच संशयी आहे मी. दुकानदार आपणहून हसला तर पिशवी घरी येऊन पुन्हा तपासते. माझी लेक मला ‘ममा, कांगाएसुगी’ म्हणते, म्हणजे फार विचार करतेस. तिला काय माहीत, तिच्या आजीच्या तुलनेत मी भोळी आहे.

आजीला, म्हणजे माझ्या आईला, पुण्यात कळवलं. ती म्हणाली, “जा. आणि तो पेपरवाला असेल तर तोंडावर विचार त्याला. म्हणावं, एका फोटोपायी आमच्या घरातली नोकरी घालवलीस, तुला काय मिळालं?”

हेच विचारायला मी पाऊण तासाचा प्रवास करून आले होते. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय परवानगी द्यायची नाही, असं ठरवून.

आम्ही ह्या गावात आलो तेव्हा हा संघ नुकताच व्यावसायिक झाला होता. आदल्या वर्षापर्यंत हीच मुलं कारखान्यात खोकी भरायची आणि संध्याकाळी चेंडू खेळायची. आता ती पगारी खेळाडू झाली, पण गावाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. गाव बेसबॉलचं. फुटबॉल म्हणजे शाळेच्या मागच्या मैदानातली धूळ, एवढीच गावाची समजूत. ती बदलायचा विडा एका माणसाने उचलला होता, तो म्हणजे ओकुमुरा-सान.

ओकुमुरा-सान गावातल्या पेपरचे एकटेच बातमीदार. स्टेशनजवळ तातामीच्या गवती चटया विणणाऱ्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. तेच ऑफिस, तेच घर. जिन्यात वाळलेल्या गवताचा वास यायचा आणि वर गेलं की शाईचा, सिगरेटचा आणि फॅक्सच्या गरम कागदाचा. गळ्यात कॅमेरा, कानावर पेन्सिल. ते बातमी लिहीत नसत, बातमीच्या मागे लागत. मासळीवाल्याला त्यांनी घोषणा शिकवल्या. न्हाव्याच्या आरशावर सामन्यांचं वेळापत्रक चिकटवलं. शाळेतल्या बाईंना गाठून संघाचं गाणं मुलांकडून बसवून घेतलं. ते मला अजून पाठ आहे, आणि त्याचा अर्थ मला पुढे वीस वर्षांनी कळला.

पेपर घरोघर टाकणाऱ्या दुकानाचा माणूस वर्गणीदार करायला दारात यायचा तेव्हा भेट म्हणून कपडे धुण्याची पावडर देतो, ही इथली जुनी रीत. ओकुमुरा-सानांनी त्या पावडरीबरोबर सामन्याची तिकिटं द्यायला लावली. आईने दोन्ही उलटसुलट करून पाहिली. “फुकट कोण देतं गं? आज साबण, आज तिकीट, उद्या काय मागतील?” बाबांनी तोवर वर्गणीच्या कागदावर सहीचा शिक्का मारलाही होता. घरात एकालाही धड वाचता येत नसलेला पेपर अशा रीतीने रोज सकाळी यायला लागला. आई त्यावर चकल्या निथळत ठेवायची. कधीकधी चकलीवर शाईची उलटी जपानी अक्षरं उमटायची, आणि आम्ही ती खायचो.

पहिल्या सामन्याला माणसं अशी थोडकीच होती. ओकुमुरा-सान पायऱ्यांवरून धावत आले आणि सगळ्यांना उठवून एका कोपऱ्यात बसवायला लागले. अजून जवळ, अजून जवळ! मासळीवाला, दोन आज्या, सायकलच्या दुकानातलं जोडपं, आम्ही तिघं. खांद्याला खांदा, गुडघ्याला गुडघा. कोणाच्या तरी कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता. मला तोपर्यंत जपानमध्ये कोणी इतकं चिकटून बसलेलं आठवत नाही. क्लिक झालं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मैदान ओसंडून वाहत होतं.

पुढच्या वेळी मी माझ्या शाळकरी जपानीत त्यांना पकडलं. “पलीकडचा स्टँड तर रिकामा होता.”

“ओजो-चान,” ते मला असंच म्हणायचे, म्हणजे छोट्या बाईसाहेब, “तो फोटोत नव्हता.”

मी हे घरी सांगितलं. आई पोळी लाटता लाटता थांबली आणि बाबांना म्हणाली, “ऐकलंत? आणि अशा माणसाला तुम्ही घरात घेता.”

घरात ते यायचे खरे, आणि ते कसे यायला लागले ह्याचीही एक गंमत आहे. एकदा त्यांनी चार मोठ्या जपानी नाशपात्या लाकडी पेटीतून आणून दिल्या. पेटी परत द्यायची. आता रिकामं भांडं परत पाठवायचं नाही हे आईच्या हाडात. तिने पेटीत शंकरपाळे भरून दिले. आठ दिवसांनी पेटी परत आली, आत तांदळाची खारी बिस्किटं. आईने चिवडा भरला. पेटी पुन्हा आली, आत पर्सिमनची वाळवलेली फळं. आई लाडू वळू लागली, आणि वळता वळता तिचा संशय वाढू लागला. “हा माणूस सारखा का येतोय? आपल्याकडे आहे काय घेण्यासारखं?” पेटी दारात दिसली की ती स्वयंपाकघराचा पडदा ओढून घ्यायची. पण लाडू मात्र भरायची.

दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पाऊस चिकट होता. शाळेच्या पिशवीला बुरशीचा वास. एका बुधवारी पाऊस थांबला आणि संध्याकाळी आम्ही मैदानात गेलो. सोया सॉस लावून भाजलेल्या माकुळाचा धूर, दिव्यांभोवती किडे, आणि प्लास्टिकच्या भोंग्यांचा आवाज. पुढे ह्या भोंग्यांवर आजूबाजूच्या लोकांनी तक्रारी करून बंदी आणवली. आता मैदानं छान शिस्तीत गातात, पण तो आवाज पुन्हा कुठेच ऐकू आला नाही, आणि मला त्याची फार आठवण येते.

आई आणि मी घरून आलो होतो. बाबा आधीच आलेले होते. फोटो काढण्यापूर्वी बाबा आणि ओकुमुरा-सान कुंपणाजवळ जाऊन काहीतरी बोलले. बाबा बोलत होते, ते ऐकत होते. मग बाबांनी आपल्या हाताने टाय सैल केला आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांचा हात घामेजला होता. हे मी पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. मोठी होताना ह्या दृश्याचा मी एकच अर्थ लावला: बातमीदाराने बाबांना पढवलं. टायसकट.

फोटो छापून आला. शेजारच्या बाईंनी आईला ती ओळ वाचून दाखवली, आणि आईने कपाळावर हात मारला. “अहो, तुमच्या ऑफिसातले लोक उशिरापर्यंत खुर्ची सोडत नाहीत, आणि तुम्ही फुटबॉलला पळता हे पेपरात? साहेब वाचणार नाहीत का?”

बाबा म्हणाले, “वाचू दे.”

पुढचं मला नीटसं आठवत नाही. झाडांवरच्या सिकाडा किड्यांचा कर्कश आवाज, जवाचा गार चहा, आणि एका दुपारी अचानक खोक्यांना टेप लावल्याचा आवाज. बाबांचं काम संपलं होतं आणि आम्ही पुण्याला निघालो होतो. निघायच्या आदल्या दिवशी ओकुमुरा-सान आले. आईने दार उघडलं नाही. मी दाराच्या मागे उभी होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते गेल्यावर पाहिलं तर पायरीवर पेटी होती, नाशपात्या भरलेली. आईने ती आत घेतली नाही. त्या घरातून एवढी एकच पेटी भरून गेली नाही.

पुण्यात बाबांना यथावकाश दुसरी नोकरी लागली. पण आईला जेव्हा जेव्हा जपान आठवे, तेव्हा त्या ओळीपाशी गाडी येऊन थांबे. बाबा कधीच वाद घालत नसत. पाण्याचा पेला उचलून गॅलरीत जाऊन उभे राहत. मला वाटे, किती मोठं मन! बाबांना जाऊनही आता सहा वर्षं झाली.

“ओजो-चान?”

मी वळले. ऐंशीच्या पुढचे एक म्हातारे गृहस्थ, कानात यंत्र, क्लबची निळी टोपी, हातात पट्ट्या चिकटवायचा चिकटपट्टीचा रोल. कमरेतून वाकून त्यांनी नमस्कार केला. मीही वाकले, सवयीने, आणि स्वतःवरच चिडले.

“पापा-सान कसे आहेत?”

“गेले. सहा वर्षं झाली.”

त्यांनी टोपी काढली. ती छातीशी धरली. खोलीत कोणी तरी खिळा ठोकत होतं, ते थांबलं.

मला कळवळा येत होता, आणि कळवळा आला की मी जास्त सावध होते. मी म्हणाले, “ओकुमुरा-सान, मी भांडायला आले आहे. तुम्ही आम्हाला वापरलंत. ह्या संघासाठी तुम्हाला परदेशी चेहरा हवा होता.”

“हो,” ते म्हणाले. “हवा होता. मी सगळ्या गावालाच वापरलं.”

इतक्या सरळ उत्तराची मी तयारी केली नव्हती.

“आणि ती ओळ? ऑफिसमधून थेट? त्या ओळीने बाबांची नोकरी गेली.”

ते एक पाऊल जवळ आले. मग हळूच म्हणाले, “पापा-सानांनी घरी कधीच सांगितलं नाही?”

त्यांनी एक घडीची खुर्ची उघडून मला बसायला दिली. स्वतः उभेच राहिले. त्या फोटोच्या वर्षी एप्रिलमध्येच बाबांचं काम संपलं होतं, त्यांनी सांगितलं. प्रकल्प बंद पडला. कंपनीचं घर सप्टेंबरपर्यंत होतं, तेवढ्यात दुसरं काम मिळेल अशी बाबांना आशा होती. रोज सकाळी ते सूट घालून निघत आणि नदीच्या बांधावर संघाच्या सरावाच्या मैदानाशेजारी बाकावर येऊन बसत. ओकुमुरा-सान रोज सरावाला असत, त्यांनी पाहिलं.

“मंदीच्या त्या वर्षांत आमच्याकडचीही पुष्कळ माणसं सूट घालून बागांमध्ये बसायची,” ते म्हणाले. “बॅग मांडीवर, घड्याळाकडे लक्ष. मला ओळखायला वेळ लागला नाही. मी त्यांना म्हटलं, माझ्या खोलीत फोन आहे, फॅक्स आहे, वापरा. ते तिथून अर्ज पाठवायचे.”

“आणि ओळ?”

“ती त्यांनी सांगितली. कुंपणाजवळ. म्हणाले, ऑफिसमधून येतो असं लिहा. ओकुसान शेजारणीकडून पेपर वाचून घेतात.” ओकुसान म्हणजे माझी आई; दुसऱ्याच्या बायकोला इथे असंच म्हणतात.

मी उठून उभी राहिले. “आता मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं आहे.”

“सोपं आहे,” त्यांनी मान हलवली. “विश्वास ठेवू नका. मी फार खोटं लिहिलंय.”

मग मला जे सुचलं ते विचारलं. “ते बाकावर काय खायचे?”

म्हाताऱ्या चेहऱ्यावर हसू आलं. “पातळ पोळी गुंडाळलेली. आत पिवळा बटाटा. अर्धी मला द्यायचे. आणि एक एवढीशी डबी, लाल. दाण्यांची पूड. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पापा-सान इतके हसले, इतके हसले. त्या तीन-चार महिन्यांत मी त्यांना तेवढं एकदाच हसताना पाहिलं.”

शेंगदाण्याच्या चटणीची ती डबी आई रोज बाबांच्या ‘ऑफिसच्या’ डब्यात घालायची. मला एकदम बाबांचे काळे बूट आठवले, तळाला चिकटलेलं ओलं गवत, आणि आईची कुरकुर की कुठल्या ऑफिसात गवत उगवतं हो. मी पुन्हा खाली बसले. तीस वर्षं मी ज्या माणसावर संशय घेतला तो खरं बोलत होता, आणि ज्या माणसावर कधीच घेतला नाही तो रोज सकाळी आम्हाला फसवून निघत होता. मला बाबांचा राग आला. आणि त्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसावंसं वाटलं.

“सारखे घरी का यायचात मग? आई फार घाबरायची तुम्हाला.”

“तुमच्या आई पेटी भरून परत द्यायच्या,” ते म्हणाले. “आमच्याकडे काही घेतलं की परत काही द्यावंच लागतं. थांबवायचं कसं मला कळेना. एप्रिलनंतर तर मला वाटायचं, ह्या बाईंना काहीतरी कळलंय, म्हणून त्या मला बोलावून घेताहेत. प्रत्येक वेळी पायरीवरून मी दोनदा परत फिरायचो.”

मी हसले. डोळे पुसत हसले. दोन घाबरलेली माणसं महिनोन्‌महिने एकमेकांना खाऊ घालत होती.

थोड्या वेळाने त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. “ओळ खोटी आहे. क्लबच्या मुलांना माहीत नाही, मी सांगितलेलं नाही. ईमेल मीच पाठवायला लावली तुम्हाला. तुम्ही म्हणालात तर खरं लिहून खाली लावतो. बातमीदाराने मरण्यापूर्वी एक तरी दुरुस्ती छापावी.” मग ते चाचरले. “ओकुसान आहेत ना? त्यांना काय वाटतं?”

“त्यांना वाटतं, तुमच्यामुळे नोकरी गेली.”

“अजून?”

“अजून. रोज.”

“ते बरं झालं,” ते म्हणाले.

“बरं कसं?”

“राग कुठे तरी ठेवावा लागतो. त्यांनी तो माझ्याकडे ठेवला, म्हणून पापा-सानांबरोबर नीट राहिल्या असतील. माझ्याकडे जागा होती.”

मी फोटोकडे पाहिलं. सैल टाय, घामेजलेला हात, आणि माझं फटीतलं हसू. ज्याच्या त्याच्यावर संशय घेणारी माझी आई त्या माणसाशेजारी पस्तीस वर्षं निर्धास्त झोपली होती.

“ओळ आहे तशी राहू दे,” मी म्हणाले. “फोटोही राहू दे.”

तेवढ्यात फोन वाजला. आईच. तिला कुठला धीर निघतोय!

“भेटला का गं तो ओकुमुरा?”

“भेटले. समोरच आहेत.”

“मग? विचारलंस? त्याच्यामुळेच झालं ना सगळं?”

मी ओकुमुरा-सानांकडे पाहिलं. “हो आई,” मी म्हणाले. “त्यांच्यामुळेच.”

“बघ! मी म्हणत नव्हते? बिचारे तुझे बाबा. कधी एका शब्दाने बोलले नाहीत.” तिने नाक ओढलं. मग आवाज चढवून म्हणाली, “माफी तरी मागितली का मेल्याने?”

आमच्या बोलण्यातलं ओकुमुरा-सानांना आपलं नाव तेवढं कळलं असणार. आणि आवाज कोणाचा आहे, तेही. त्यांनी चिकटपट्टीचा रोल खुर्चीवर ठेवला, पाय जुळवले आणि माझ्या हातातल्या फोनसमोर कमरेत वाकले. पार खाली. वाकले ते वाकलेलेच राहिले.

“हो आई,” मी म्हणाले. “मागताहेत.”